फसलेला गुप्तहेरपट आणि नगरच्या छावणीत जन्मलेला विदूषक

जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या पेटाऱ्यात १९५२ सालचा एक कृष्णधवल चित्रपट आहे. नाव ‘डाउन अमंग द झेड मेन’, दिग्दर्शक मॅक्लीन रॉजर्स. एका विसराळू शास्त्रज्ञाचे गुप्त सूत्र दुकानात राहून जाते. ते पळवायला बदमाश टपलेले असतात आणि गुप्तचर खात्यातील एक तरुणी त्यांच्या मागावर असते. हौशी रंगभूमीवर ‘बॅट्स ऑफ द यार्ड’ नावाच्या गुप्त पोलिसाची भूमिका करणारा दुकानातला साधाभोळा नोकर या भानगडीत ओढला जातो. शेवटी सगळी वरात एका लष्करी छावणीत येऊन थडकते. कथा वाचताना गंमत वाटते. पडद्यावर मात्र रहस्य पिकत नाही, भीतीचा मागमूस नसतो आणि हसू जेमतेम दोन-चार वेळा फुटते. मध्येच नृत्यपथकाचे नाच येतात आणि सूत्राचा शोध बाजूला पडून सैनिकांच्या करमणुकीचा कार्यक्रम सुरू होतो. चित्रपट संपतो तेव्हा, एवढी गुणी माणसे हाताशी असताना हे असे का झाले, याचे आश्चर्य वाटत राहते.

ही गुणी माणसे म्हणजे हॅरी सीकोम, पीटर सेलर्स, मायकेल बेंटीन आणि स्पाइक मिलिगन. ब्रिटनच्या नभोवाणीवर इतिहास घडवणाऱ्या ‘गून शो’चे हे मूळचे चौघे ज्या एकमेव चित्रपटात एकत्र दिसतात, तो हाच. त्यात एक्ल्स नावाच्या भोळसट शिपायाचे काम करणारा किडकिडीत तरुण म्हणजे मिलिगन. त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे झाला. २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेच हे नगर.

नगरकरांना चित्रपटसृष्टीतील आपली माणसे विचारली तर पहिले नाव येते ते शाहू मोडक यांचे. मोडक यांचा जन्मही नगरचा आणि तोही १९१८ च्या एप्रिलमधला, २५ तारखेचा. एकाच गावात, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेली ही दोन मुले पुढे दोन टोकांना गेली. ख्रिस्ती कुटुंबातील मोडक यांनी पडद्यावर इतक्या वेळा कृष्ण साकारला की घरोघरी लोक त्यांना त्याच रूपात ओळखू लागले. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये ते पोलीस शिपाई झाले आणि ती भूमिका मराठी चित्रपटाच्या इतिहासात राहिली. मिलिगनही पुढे एका रहस्यपटात पोलीस झाला. त्याची ती भूमिका मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. तो किस्सा पुढे येईल.

नगर हे तेव्हा ब्रिटिशांचे जुने लष्करी ठाणे होते. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतल्यापासून तोफा, घोडदळ आणि बराकी यांची या गावाला सवय झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन कैदीही येथेच ठेवलेले होते. हे युद्ध संपायला सुमारे सात महिने उरले असताना टेरेन्स ॲलन मिलिगन जन्माला आला. वडील लिओ हे मूळचे आयर्लंडमधील स्लायगोचे, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्रज, तिचे माहेर पुण्यातले. लिओला रंगमंचाचे विलक्षण वेड होते. कवायत आटोपली की गाणे, नाच, सोंगे असा त्याचा दुसरा दिवस सुरू होई. फ्लॉरेन्स पियानो वाजवी आणि गात असे. मुलाला विनोद आणि संगीत हे दोन्ही घरातच मिळाले. शिस्तीच्या बराकीत राहून सोंगे करणारा बाप त्याने रोज पाहिला. त्याच्या पुढच्या लेखनातील बरेच काही या एका दृश्यातून निघालेले दिसते.

नगर मात्र त्याच्या वाट्याला फारसे आले नाही. लष्करी नोकराचे बिऱ्हाड पाठीवर असते. मुलाचे बालपण पुण्याच्या लष्कर भागात गेले आणि तेथील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत तो जाऊ लागला. पुढे वडिलांची बदली रंगूनला झाली. तेथे १९२५ मध्ये धाकटा भाऊ डेस्मंड जन्मला. नोकरचाकर, प्रशस्त बंगले, उघडे आकाश आणि अवतीभवती अनेक भाषांचा गलबला यांत मुलाची पहिली वर्षे गेली. मग लष्करात काटकसर आली, वडिलांची नोकरी गेली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस कुटुंब लंडनला पोहोचले. आग्नेय लंडनच्या कोंदट वस्तीतील भाड्याची जागा, धुके आणि थंडी! साहेबाचा मुलगा म्हणून वाढलेला टेरेन्स तिथे गरिबाचा मुलगा ठरला. हा धक्का त्याला आयुष्यभर पुरला.

शाळा सुटल्यावर त्याने कारकुनी केली, मजुरी केली आणि फावल्या वेळात ट्रम्पेट, गिटार शिकून तो नाचगाण्याच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. स्पाइक जोन्स या अमेरिकी वादकाच्या भन्नाट वाद्यमेळाने तो इतका भारावला की त्याने ते नावच घेतले आणि टेरेन्सचा स्पाइक झाला. एवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. बापाप्रमाणे मुलगाही तोफखान्यातच गेला.

या युद्धाने मिलिगनला त्याची सर्वांत जवळची मैत्री दिली, त्याचा विनोद दिला आणि त्याचा आजारही दिला. आधी त्याची तुकडी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल येथे होती. रात्री दिवे मालवलेले गाव, समुद्राचा आवाज आणि शत्रू कधी उतरेल याची भीती, असे ते दिवस होते. हे गाव आणि हा काळोख लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तुकडी उत्तर आफ्रिकेत गेली. तेथे एकदा एक अवजड तोफ सुटून कड्यावरून खाली कोसळली. खाली बिनतारी संदेशाच्या गाडीत हॅरी सीकोम बसला होता, तो थोडक्यात बचावला. हरवलेली वस्तू शोधावी अशा निरागस चेहऱ्याने मिलिगन तोफेची चौकशी करत आला, तेव्हा सीकोमने तितक्याच गंभीरपणे तिचा रंग विचारला. दोघांनीही हा किस्सा जन्मभर सांगितला.

जानेवारी १९४४ मध्ये इटलीत कॅसिनोच्या आघाडीवर उखळी तोफेचा गोळा मिलिगनच्या जवळ फुटला. जखम पायाला झाली होती, पण मन त्याहून अधिक दुखावले. हात कापू लागले, बोलताना तो अडखळू लागला, तोफेचा आवाज झाला की रडू आवरेना. वरिष्ठांना हा भित्रेपणा वाटला. त्याची पट्टी काढून घेण्यात आली. ज्या माणसाला त्या क्षणी डॉक्टरची गरज होती त्याला शिक्षा मिळाली, हे मिलिगन कधीच विसरला नाही. त्याच दिवसांत इकडे त्याच्या जन्मगावी, भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते. नगरमध्ये जन्मलेला तोफची साम्राज्यासाठी इटलीत लढत होता आणि साम्राज्य मोडू पाहणारे नेते नगरमध्ये कैदेत होते. इतिहास असे योग घडवतो, एवढेच म्हणता येईल.

युद्ध संपल्यावर सैनिकांच्या करमणुकीच्या तांड्यातून तो व्यावसायिक रंगमंचावर आला. लंडनमध्ये जिमी ग्राफ्टन या लेखकाचे मद्यगृह होते, तेथे संध्याकाळी सीकोम, सेलर्स, बेंटीन आणि मिलिगन जमू लागले. चौघेही युद्धातून आलेले होते आणि चौघांनाही अधिकाऱ्यांचा, हुकमांचा, देशभक्तीच्या भाषणांचा कंटाळा आलेला होता. त्या गप्पांतून २८ मे १९५१ रोजी बीबीसीवर एक कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी त्याचे नाव ‘क्रेझी पीपल’ होते, पुढच्या वर्षी ‘द गून शो’ झाले. तो १९६० च्या जानेवारीपर्यंत चालला आणि त्यातील बहुतेक भाग मिलिगनने लिहिले.

नभोवाणीवर नाव होताच चित्रपटवाले आले. त्या काळी ब्रिटनमध्ये मुख्य चित्रपटाला जोड म्हणून दाखवण्यासाठी कमी खर्चाचे छोटे चित्रपट भराभर निघत. निर्मात्याला लोकप्रिय नावे हवी असत, बाकी कशाची फिकीर नसे. ‘डाउन अमंग द झेड मेन’ या साच्यातून निघाला. पटकथा ग्राफ्टन आणि फ्रान्सिस चार्ल्स यांची होती. ज्याच्या डोक्यातून गून मंडळींचे सारे जग निघाले होते, तो मिलिगन येथे केवळ नट होता. चित्रपटाचे अपयश बरेचसे इथेच आहे. चौघांना त्यांची पात्रे मिळाली, सेलर्सला लष्करी अधिकारी ब्लडनॉक मिळाला, बेंटीनला शास्त्रज्ञ मिळाला, परंतु त्या पात्रांना जगायला जे वेडे जग लागते ते मिळाले नाही. दिग्दर्शकाने कॅमेरा समोर ठेवला आणि रंगमंचावरच्या नकला टिपाव्यात तशा टिपल्या.

दुसरे कारण अधिक खोल आहे. गुप्तहेरकथेची थट्टा करायची तर आधी गुप्तहेरकथा नीट सांगावी लागते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. अंधाऱ्या जिन्यावर पावलांचा आवाज आला की वाचकाच्या छातीत धडकी भरली पाहिजे. मग त्या पावलांचा मालक कुणी बावळट निघाला तर हसू येते. १९६४ मधील राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ कृष्णधवलच होता. त्यात सावली आणि प्रकाश हीच अर्धी कथा होती. ‘झेड मेन’मध्ये सगळीकडे सारखाच सपाट उजेड आहे. भीतीच नाही, तर तिची टिंगल कशाची करणार?

हीच गोष्ट मिलिगनने स्वतः केली तेव्हा काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये ‘गून शो’मध्ये एक भाग झाला. युद्धाचा काळ आहे, बेक्सहिल गावात दिवे मालवलेले आहेत आणि काळोखातून कुणीतरी अज्ञात इसम सभ्य नागरिकांवर पिठाचे पुडिंग फेकून मारतो आहे. सीकोमचा नेडी सीगून तपासाला निघतो. पुरावा शोधायचा तर काडी पेटवावी लागणार, आणि काडी पेटवली तर शत्रूच्या विमानांना दिसणार. संशयिताचा माग काढत मंडळी थेट आफ्रिकेपर्यंत जातात. पुढच्याच आठवड्यात ब्रायटन गावात काळोखात लोकांची डोकी भादरणारा एक गूढ माणूस अवतरला. दोन्हींचा साचा पक्क्या भयकथेचा. धुके, पावलांचे आवाज, किंकाळी, हादरलेले गाव आणि मागावर निघालेला गुप्त पोलीस, असे सारे काही त्यात आहे. फक्त गुन्हा मूर्खपणाचा आहे.

ही भट्टी नभोवाणीवरच का जमली, याचे उत्तर सोपे आहे. नभोवाणीवर काळोख फुकट मिळतो. तेथे श्रोता स्वतःच दृश्य उभे करतो आणि त्या दृश्याला निर्मात्याच्या खिशाची मर्यादा नसते. बेक्सहिलचा काळोख मिलिगनने स्वतः अनुभवला होता. त्या काळोखातील खरी भीती त्याला ठाऊक होती, म्हणून त्याच्या थट्टेला धार होती. आवाजांच्या बाबतीत तो कमालीचा हट्टी होता. मऊ वस्तू आपटल्याचा नेमका आवाज हवा म्हणून त्याने बीबीसीच्या उपाहारगृहातून कस्टर्ड करवून घेतले, ते आपल्या मोज्यात ओतले आणि मोजा गरगर फिरवून आपटला, ही कथा प्रसिद्ध आहे. हवा तसा आवाज आला नाही म्हणून तो नाराज झाला, हा तिचा शेवट.

या कार्यक्रमात हिंदुस्थानही वारंवार डोकावे. मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला, पैशाला चटावलेला, पळपुटा आणि झणझणीत रश्श्याने पोट बिघडलेला अधिकारी. लहानग्या टेरेन्सने छावण्यांत असे नमुने जवळून पाहिले असणार. लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन पात्रे अधूनमधून येऊन वाद घालत. लालकाका हे पारशी आडनाव कानावरून गेल्याशिवाय इंग्रज लेखकाला सुचणारे नव्हे.

या साऱ्याची किंमत मोठी होती. दर आठवड्याला एक भाग लिहायचा, बीबीसीच्या अधिकाऱ्यांशी भांडायचे आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. ‘झेड मेन’ आला त्या १९५२ सालच्या अखेरीस मिलिगन कोसळला. भ्रमाच्या भरात तो चाकू घेऊन शेजारी राहणाऱ्या सेलर्सच्या दारावर गेला. त्याला रुग्णालयात दाखल करून गुंगीची औषधे द्यावी लागली. जरा बरे वाटताच तो पुन्हा लिहू लागला. पुढील आयुष्यात असे कोसळणे अनेकदा झाले. उन्माद आणि नैराश्य यांच्या आलटून पालटून येणाऱ्या लाटांचा हा आजार होता. त्या काळी ब्रिटनमध्येही असा आजार लपवून ठेवण्याची रीत होती. मिलिगनने तो लपवला नाही. १९९३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्याने नैराश्यावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. विनोदवीर म्हणून झालेल्या गाजावाजात त्याचे हे काम झाकले गेले, वास्तविक ते त्याच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. मात्र या आजाराची झळ कुटुंबाला लागली, हेही खरे. पहिली पत्नी जून हिच्याशी झालेला विवाह मोडला. दुसरी पत्नी पॅट्रिशिया १९७८ मध्ये वारली. अखेरची वीस वर्षे शेलाने त्याला सांभाळले.

चित्रपटाने त्याला पुन्हा एकदा चकवले. १९५६ मध्ये ‘द केस ऑफ द मुकिनीज बॅटल हॉर्न’ हा अर्ध्या तासाचा गुप्तहेरपट आला. संग्रहालयातून एक प्राचीन रणशिंग चोरीला जाते आणि स्कॉटलंड यार्ड तपासाला निघते, एवढीच कथा. या वेळी सीकोम नव्हता, त्याच्या जागी डिक एमरी आला. ‘झेड मेन’पेक्षा हा तुकडा पुष्कळच सरस आहे, मिलिगनचा हात त्यात दिसतो, तरीही तो नभोवाणीच्या उंचीला पोहोचत नाही. खरा चमत्कार १९५९ मध्ये झाला. सेलर्सने विकत घेतलेल्या कॅमेऱ्यावर मित्रमंडळींनी एका माळावर ‘द रनिंग, जम्पिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म’ हा अकरा मिनिटांचा खेळ उभा केला. संवाद नाहीत, कथा नाही, खर्च सुमारे सत्तर पौंड! त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. तो पाहून बीटल्सनी त्याचा दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर याला आपल्या चित्रपटासाठी पसंत केले. मिलिगनच्या विनोदाला मोठा पडदा वर्ज्य नव्हता, हे या अकरा मिनिटांनी सिद्ध केले. त्याला मोकळे माळरान लागत होते, निर्मात्याचा साचा नव्हे.

१९६० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या जन्मगावाने त्याला अडचणीत आणले. ब्रिटनमध्ये नागरिकत्वाचे आणि स्थलांतराचे नियम कडक होत होते. मिलिगन जन्माने हिंदुस्थानातला आणि बाप आयरिश, तेव्हा पारपत्रासाठी त्याने राजनिष्ठेची शपथ घ्यावी, असे त्याला सांगण्यात आले. ज्याने या देशासाठी युद्धात रक्त सांडले आणि मनाचे स्वास्थ्य गमावले, त्याने आता शपथ घेऊन निष्ठा सिद्ध करावी, हे त्याला मुळीच पटले नाही. त्याने शपथ नाकारली, वडिलांच्या नात्याने आयर्लंडचे पारपत्र घेतले आणि मरेपर्यंत तो आयरिश नागरिक राहिला. नगरच्या जन्मनोंदीने असे कुणाचे राष्ट्र बदलल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

हिंदुस्थानात जन्मल्याचा त्याने नेहमीच चांगला उपयोग केला, असे नाही. १९६९ मध्ये ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्याने चेहरा तपकिरी रंगवून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला. लेखक जॉनी स्पाइट याचा हेतू वंशद्वेषाची टर उडवण्याचा होता, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात पडद्यावर दक्षिण आशियाई माणसाचीच टर उडाली. तक्रारी आल्या आणि सहा भागांत मालिका गुंडाळली गेली. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवे होते, असे आज ती पाहताना वाटते. त्याच वर्षी त्याने ‘क्यू फाइव्ह’ ही मालिका केली. प्रसंगाला शेवट असलाच पाहिजे हा नियम तिने मोडला आणि ‘मॉन्टी पायथन’च्या तरुण मंडळींना वाट दाखवली. एकाच वर्षात एकाच माणसाच्या हातून इतके मागासलेले आणि इतके पुढारलेले काम व्हावे, हे मिलिगनच्या बाबतीतच शक्य होते.

रहस्य आणि भय यांची थट्टा त्याने कधी सोडली नाही. १९७६ मध्ये ‘द टू रॉनीज’ या लोकप्रिय कार्यक्रमात त्याची एक मालिका गाजली. व्हिक्टोरियाच्या काळातील धुकट लंडनमध्ये एक गूढ इसम रात्री अचानक समोर येतो आणि तोंडाने अचकट आवाज काढून पसार होतो. सारे शहर थरथरते, पोलीस चक्रावतात. जॅक द रिपरच्या कथांची ही टिंगल होती. कल्पना जुन्या नभोवाणीचीच, पण आता दूरचित्रवाणीकडे वेशभूषा, धुके आणि पैसा होता. रोनी बार्कर आणि रोनी कॉर्बेट यांच्यासारखे कसलेले नट ती गंभीर चेहऱ्याने करत होते. १९५२ मध्ये जे हुकले ते इथे साधले.

मग १९७८ मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ आला आणि पुन्हा निराशा झाली. आर्थर कॉनन डॉयलच्या या कादंबरीइतकी रहस्य आणि भय यांची पक्की जोडी दुसरी नाही. १९३९ मध्ये बॅझिल रॅथबोनने कृष्णधवल पडद्यावर केलेला तिचा होम्स आजही पाहवतो. आपल्याकडे १९६२ चा ‘बीस साल बाद’ याच कथेच्या आधाराने उभा राहिला आणि त्या वर्षी तुफान चालला. १९७८ च्या चित्रपटात पीटर कुक होम्स, डडली मूर वॉटसन आणि भोवती ब्रिटनमधील झाडून सारे नामवंत विनोदी नट होते. दिग्दर्शक पॉल मॉरिसी अमेरिकेहून आला होता. एवढे असूनही चित्रपट सपशेल आपटला आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. भीती उभी न करताच तिची थट्टा, हीच ‘झेड मेन’ची चूक सव्वीस वर्षांनी रंगीत होऊन परत आली होती. या गर्दीत गावच्या पोलिसाच्या छोट्याशा भूमिकेत मिलिगन होता. मूळ कल्पनेचा धनीच पुन्हा एकदा चिमुकल्या भूमिकेत उभा केलेला पाहून वाईट वाटते.

अखेर त्याने ही कथा स्वतः लिहिली. १९९० च्या दशकात जुन्या अभिजात ग्रंथांची आपल्या पद्धतीने मोडतोड करणारी पुस्तके त्याने काढली, त्यांत फ्रँकेन्स्टाइन होता आणि बास्करव्हिलचा कुत्राही होता. कागदावर त्याला अडवणारा दिग्दर्शक नव्हता. युद्धाच्या आठवणींचे सात खंड त्याआधीच लोकप्रिय झाले होते. १९७१ मध्ये आलेल्या पहिल्या खंडावर पुढे चित्रपट निघाला, तेव्हा तरुण स्पाइकचे काम जिम डेलने केले आणि मिलिगनने त्यात आपल्या वडिलांची, लिओची भूमिका केली. बराकीत सोंगे करणारा बाप काही वर्षांपूर्वीच ऑस्ट्रेलियात वारला होता. मुलाने पडद्यावर त्याचे सोंग घेतले. मिलिगनच्या चित्रपटांतील ही सर्वांत हळवी जागा आहे, आणि तिची फार चर्चा झालेली नाही.

म्हातारपणी मानसन्मान आले. राजपुत्र चार्ल्स हा ‘गून शो’चा निस्सीम चाहता. १९९४ मध्ये जीवनगौरव स्वीकारताना राजपुत्राचे अभिनंदनपत्र वाचून दाखवले जात असता, मिलिगनने थेट प्रक्षेपणात त्याला एक ठेवणीतली शिवी हासडली. सभागृह हसून लोटपोट झाले. २००१ मध्ये त्याला मानद नाइटहूड मिळाला. मानद अशासाठी, की तो ब्रिटिश नागरिक नव्हता. नगरच्या जन्माने सुरू झालेला पारपत्राचा तो जुना वाद या ‘मानद’ शब्दात शेवटपर्यंत शिल्लक राहिला. त्याच वर्षी सीकोम गेला. सेलर्स १९८० मध्ये आणि बेंटीन १९९६ मध्येच गेले होते. ‘झेड मेन’च्या चौघांत एकटा मिलिगन उरला.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील विंचेल्सी येथील सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले. बेक्सहिल तेथून फार दूर नाही. आपण आजारी आहोत हे सांगितले होते ना, अशा अर्थाची ओळ थडग्यावर कोरावी, ही त्याची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना ती थट्टा पवित्र जागी शोभणारी वाटली नाही. पुष्कळ वाटाघाटी झाल्या. ती ओळ आयरिश भाषेत लिहिण्यास परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये दगड बसला. ओळ तीच आहे, पण त्या गावातील बहुतेकांना ती वाचता येत नाही.